तो लाल रंग माझा नव्हता

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. म्हाताऱ्या यंत्रानं गोड बोलावं, जुन्या आठवणी काढाव्यात आणि शेवटी एक सुस्कारा टाकून गप्प बसावं, अशी तुमची अपेक्षा असेल तर ती माझ्याकडून पुरी होणार नाही. माझं नाव स्प्रे ड्रायर. अवसरी बुद्रुकच्या शिवारात, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा आहे. वय झालंय, पण अंगानं धडधाकट आहे. माझ्यावर एक खोटा आळ आला होता. तो कसा आला आणि पुढे काय झालं, ते मला सांगायचं आहे.

तुम्ही मला बहुधा पाहिलेलं नसेल. मी दोन मजली घराएवढा उंच आहे. वर गोल आणि खाली निमुळता, एखाद्या मोठ्या भोवऱ्यासारखा. सगळं अंग स्टीलचं. माझ्या डोक्यावर एक छोटी चकती आहे, ती भिंगरीपेक्षा कितीतरी जोरात फिरते. तिच्यावर फळाचा किंवा भाजीचा रस सोडला की त्याचे बारीक बारीक थेंब होतात, धुक्यासारखे. त्याच वेळी मी आत गरम हवा सोडतो. थेंब तळाशी पोचायच्या आत त्यातलं पाणी उडून जातं आणि खाली पडते ती कोरडी, हलकी पावडर.

एवढंच असतं तर मी नुसती एक मोठी भट्टी ठरलो असतो. पण माझ्या कामात एक नाजूक गोष्ट आहे. बीटचा रंग, आल्याचा वास, पुदिन्याची चव, या गोष्टी फार हळव्या असतात. ऊन लागलं, वारा लागला की त्या उडून जातात. म्हणून रसात आधी डिंक आणि मक्यापासून केलेली एक पांढरी भुकटी घालून ते सगळं खूप घुसळतात. मग माझ्या आत प्रत्येक थेंब सुकताना त्याच्याभोवती डिंकाचं पातळ कवच तयार होतं. रंग आणि वास त्या कवचात सुखरूप राहतो. पावडर पाण्यात पडली की कवच विरघळतं आणि आतलं सगळं बाहेर येतं. डोळ्यांना न दिसणारी अशी लाखो कवचं मी रोज करतो. शेंगेत दाणा जपावा तसं मी जपतो. या कामाचा मला अभिमान आहे, आणि माझ्या रागाचं मूळही याच कामात आहे.

मला भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सावळेराम नावाच्या कारागिरानं घडवलं. वेल्डिंग झाल्यावर तो माझ्या पोटात उतरून आतून घासत राहायचा. बाहेरून कोणी हाक मारली, "सावळेराम, बस की आता! आतलं कोणाला दिसतंय?" की तो आतूनच ओरडायचा, "खडबडीत राहिलं तर माल चिकटंल. चिकटला की जळंल. जळकं कोण खाणार, तू?" आतून आरशासारखा करूनच त्यानं मला सोडलं.

पहिली बरीच वर्षं मी एका मोठ्या कारखान्यात नारळाच्या दुधाची आणि लिंबाची पावडर केली. मग तिथे माझ्याहून मोठा ड्रायर आला. मला मागच्या अंगणात फाटक्या ताडपत्रीखाली उभं केलं. कबुतरांनी माझ्या डोक्यावर घरटी केली. कोणी फिरकलं नाही. त्याचा मला राग नाही. यंत्र जुनं होतं, बाजूला पडतं, हे मी समजू शकतो.

तिथून मला समृद्धीनं आणलं. समृद्धी अवसरीची. खाद्यपदार्थांच्या तंत्राचं शिक्षण घेतलेली, पुण्यात नोकरी केलेली आणि ती सोडून गावी परत आलेली. आपल्या भागात बीट काढणीला आलं की सगळ्यांचं एकदम येतं आणि बांधावर ढीग लागतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिनं आपल्या चुलत्याला, सयाजीकाकांना, बरोबर घेतलं. शेड काकांच्या जमिनीवर, डोकं समृद्धीचं आणि अंग माझं, असा आमचा कारखाना सुरू झाला. मला चालवायला संपत नावाचा ऑपरेटर ठेवला. संपत चार मुलांचा बाप, कमी बोलणारा, सांगेल ते करणारा.

पहिल्या दिवशी समृद्धीनं मला आतून बाहेरून धुतलं. मग बीटचा गाळलेला रस वर चढवला. गरम हवा तिनं बेतानं सोडली, कारण बीटला जास्त ताप सोसत नाही, तो तपकिरी पडतो. थोड्या वेळानं खालच्या भांड्यात जांभळट लाल पावडर साचू लागली. सयाजीकाकांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मोठे केले.

"आयला, बीट चावल्यावानी लागतंय राव!" ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरी, तुझं मशीन लई गुणाचं हाय!"

मित्रांनो, ती थाप मला फार आवडली होती. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

दोन हंगाम छान गेले. आम्ही बीट केलं, आलं केलं, आळे गावाकडचे टोमॅटो केले. समृद्धी रोज काम संपलं की मला धुवायची, टॉर्च घेऊन आत डोकावायची. मग उन्हाळ्यात पुण्याचा एक व्यापारी आला. लहान मुलांसाठी गुलाबी दुधाची पावडर बनवणाऱ्यांना तो रंग पुरवत होता. पाकिटावर ‘बीटचा नैसर्गिक रंग’ असं छापायचं होतं. त्याला माल भरपूर हवा होता आणि लवकर हवा होता. समृद्धीनं जमेल तेवढंच कबूल केलं. त्याच आठवड्यात ती पुढच्या हंगामातल्या जांभळांची सोय करायला शिनोलीला गेली. तिकडच्या बायकांबरोबर रानात फिरून झाडं बघायची होती, म्हणून काही दिवस तिथेच मैत्रिणीकडे राहिली.

ती गेली आणि सयाजीकाकांनी व्यापाऱ्याला फोन करून दुप्पट माल कबूल केला.

"संपत, हवा अजून तापव," ते म्हणाले.

"दादा, ताईंनी सांगितलंय, याच्या वर न्हाई न्यायची. रंग करपतो."

"ताई हितं हाय का? तापव म्हणलं ना!"

संपतनं खटका फिरवला. माझ्या आत आग आग झाली. रस जास्त सोडला होता, तो पुरता सुकेना. ओलसर माल माझ्या भिंतींना चिकटू लागला. तो खाली पडावा म्हणून काकांनी लोखंडी हातोडा घेतला आणि बाहेरून मला ठोकायला सुरुवात केली. ठाण! ठाण! सावळेरामनं आरशासारख्या केलेल्या माझ्या अंगाला पोचे पडले. त्या पोच्यांत माल आणखी चिकटला, चिकटलेला जळला. घाईपायी धुणंही बंद झालं. जळक्या थरावर नवा थर, त्यावर आणखी एक. आणि खाली जी पावडर पडली ती विटेच्या चुऱ्यासारखी तपकिरी होती. व्हायचं ते झालंच. कवच घट्ट व्हायच्या आधीच रंग मेला होता.

काकांनी ती मुठीत घेतली आणि शिवी हासडली. मग मोटरसायकलवर बसून गेले आणि प्लास्टिकचा एक डबा घेऊन आले. त्या डब्यात झगझगीत लाल रंग होता. खायचा नव्हे. कापड रंगवायचा.

संपत म्हणाला, "दादा, पोरांच्या दुधात जाणार हाय हे."

"एवढ्याशानं काय व्हतंय? गिऱ्हाइकाला लाल पायजे. लाल द्यायचं."

"पर..."

"तुला काम पायजे का नको?"

संपतनं मान खाली घातली आणि डबा रसात ओतला. मला हात असते तर मी तो डबा भिरकावून दिला असता. मला नळ्या आहेत. वरून येईल ते खाली सोडायचं, एवढंच माझ्या नशिबी. डिंकानं ते विषसुद्धा इमानानं कवचात गुंडाळलं. डिंकाला काय कळतं? ज्या कवचात मी बीट जपत होतो, त्याच कवचात मला खोटेपणा जपायला लावला. यापेक्षा मोठा अपमान माझ्या जातीच्या यंत्राचा होऊ शकत नाही.

समृद्धी परत येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी काकांनी पाण्याचा पाइप लावून मला वरवर विसळलं. लाल पाणी शेडमागच्या चरातून खालच्या रानात गेलं. तिथे जानकू आणि सरुबाई यांचा मेंढ्यांचा वाडा बसला होता. मोकळ्या रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढ्या बसवतात, तसा. मेंढ्या चरात उतरल्या, पाण्यात बसल्या, काही प्यायल्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समृद्धी शिनोलीहून आली. बाहेर टेम्पो उभा होता, त्यात गोण्या भरून झाल्या होत्या. ती काही विचारणार तेवढ्यात सरुबाई फाटकातून आत आली. तिच्या काखेत एक कोकरू होतं. त्याचे चारही पाय, पोट आणि तोंड गुलाबी झालं होतं.

"ह्ये काय सोडलंय तुमी चरात?" सरुबाई ओरडली. "कालपासनं धुतोय आमी. साबण लावला, राख लावली. नाय जात! दोन मेंढ्या हगवणीनं पडल्यात. कोण भरून देणार?"

समृद्धीनं कोकरू जवळ घेतलं. त्याची लोकर बोटांनी चोळली. तिचा चेहरा बदलला.

"काका," ती म्हणाली, "बीटचा रंग पाण्यानं जातो. हा जात नाही. काय घातलंत?"

सरुबाईच्या आवाजानं आजूबाजूच्या शेतांतली माणसं जमली होती. सयाजीकाकांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"म्या काय घालतोय? ह्ये मशीनच जुनाट हाय. आतनं कायतरी गंजून उतरत आसंल. पयल्या मालकानं काय शिजवलं व्हतं त्यात, कोण सांगणार? म्या तवाच म्हणत व्हतो, भंगार आणू नका."

मित्रांनो, ज्या माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली होती, तोच हे म्हणाला. स्टील असं गंजत नाही. आणि गंज असा गुलाबी कधी असतो का? पण जमलेली माणसं माझ्याकडे बघून माना डोलावू लागली. "जुनंच हाय ते," एक जण म्हणाला. "घाला मोडीत." यंत्रावर आळ घेणं फार सोपं असतं. यंत्र उलट बोलत नाही, रडत नाही, भाऊबंदांना बोलावत नाही. मी तिथे उभा होतो आणि माझ्या अंगावरचे पोचे सगळ्यांना दिसत होते. ते कोणी मारले, हे एकानंही विचारलं नाही.

समृद्धीनं वाद घातला नाही. तिनं केस बांधले, घासणी घेतली आणि माझा दरवाजा उघडून आत शिरली. जळक्या थराचे तुकडे बाहेर पडू लागले. ती घासत होती आणि मला एकेक पोचा मोकळा झाल्यासारखा वाटत होता. घासून झाल्यावर तिनं वरून स्वच्छ पाणी सोडलं. पहिलं पाणी लाल आलं, मग फिकट, मग नितळ. शेवटी एक स्टीलचा ग्लास तिनं माझ्या तोंडाखाली धरला, सगळ्यांना दाखवला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"मशीनमधून रंग उतरतोय ना? मग हे पाणी कुठल्या रंगाचं होतं?"

मग तिनं सरुबाईकडून पांढऱ्या लोकरीचे दोन पुंजके मागितले. एक ताज्या बीटच्या रसात बुडवला, दुसरा टेम्पोतल्या गोणीतली पावडर पाण्यात कालवून त्यात बुडवला. दोन्ही एकाच बादलीत धुतले. बीटचा रंग धुतानाच निम्मा गेला. दुसरा पुंजका जसाच्या तसा लाल राहिला, लग्नातल्या फेट्यासारखा.

"संपतभाऊ," समृद्धी म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

संपत पुढे आला. मग म्हणाला, "कापडाचा रंग व्हता, ताई. म्याच ओतला. दादांनी आणला, पर ओतला म्या."

"टेम्पो काढ!" सयाजीकाका एकदम ड्रायव्हरवर ओरडले. "चल, निघ आधी!"

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. समृद्धी धावली, पण फाटक लांब होतं. तेवढ्यात सरुबाईनं तोंडात बोटं घालून शीळ घातली. खालच्या रानातून जानकूनं कळप हाकला आणि बघता बघता शेडपासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट मेंढ्यांनी भरून गेली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मेंढ्या हॉर्नला कशाला जुमानतात? काही तर टेम्पोच्या चाकांपुढे खालीच बसल्या.

"हाक त्यांना, जानकू!" काका ओरडले.

जानकूनं काठीवर हनुवटी टेकवली. "दमल्यात जनावरं, पाटील. कालपासनं पोटं बिघडल्यात त्यांची. बसू द्या जरा."

कळप हलला नाही. समृद्धीनं फोन करून अन्न तपासणीच्या अधिकाऱ्यांना बोलावलं. संध्याकाळच्या आत ते आले, त्यांनी नमुने घेतले आणि गोण्यांना सील लावलं. ती पावडर कोणत्याच मुलाच्या पेल्यात गेली नाही. तुमच्यापैकी कोणाच्याही नाही. एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग झालं की, राग कशाचा?

ऐका. साहेबांनी जाताना मलाही सील लावलं. माझ्या दरवाजावर, खटक्यांवर, चकतीवर लाखेचे शिक्के बसले. कायद्याचं ते काम असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी महिनोन्‌महिने बंद पडलो आणि सयाजीकाका? त्यांनी दंड भरला आणि फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसले. कधी कधी त्यांचं हसणं वाऱ्यावर माझ्यापर्यंत यायचं. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. गांधीलमाशांनी पंख्यात मातीचं घर केलं. नळीत राहिलेला थोडासा रस आंबून गेला, त्याचा वास मीच सोसला. समृद्धी आठवड्यातून एकदा यायची. शिक्क्याला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून माझी बाहेरची बाजूच पुसून जायची. तिला गावात कोणी सरळ बोलत नव्हतं. "घरचं माणूस पकडून दिलं," असं म्हणायचे. ज्यानं मुलांच्या तोंडी विष घालायचं ठरवलं, त्याला रामराम. आणि जिनं ते अडवलं, तिच्याकडे पाठ. मित्रांनो, याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

एकटी सरुबाई तिच्याशी बोलायची. आजारी मेंढ्यांतली एक गेली होती, दुसरी वाचली होती. गेलेल्या मेंढीची भरपाई समृद्धीनं देऊ केली, तर सरुबाई म्हणाली, "तुझ्याकडनं नाय घेणार. ज्यानं केलं त्यानं द्यावं." काकांनी आजवर दिलेली नाही.

शेवटी तपास पुरा झाला आणि सील निघालं. समृद्धीनं वायरी बदलल्या, गांधीलमाशांचं घर काढलं. संपत परत आला. तो आला तेव्हा दारातच थांबून म्हणाला, "ताई, इथून पुढं मला कोणी कायबी सांगितलं तर आधी तुमाला इचारीन." समृद्धी म्हणाली, "मला नका विचारू. मी चुकीचं सांगितलं तर मलाही नाही म्हणा."

मला पुन्हा चालू करायचा दिवस ठरला. शिनोलीच्या बायका जांभळं घेऊन आल्या होत्या. आणि त्या दिवशी फाटकातून सयाजीकाकाही आले. हातात नारळ होता, तोंडावर हसू होतं.

"झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले. "आपलंच मशीन हाय. घरात कशाला वैर?" आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला.

समृद्धी मध्ये आली. तिनं नारळ घेतला नाही. कोपऱ्यातली बादली आणि घासणी उचलून त्यांच्या हातात दिली.

"काका, चालू करायच्या आधी आतून धुवायचंय. उतरा."

"म्या? आत?" काका हसले. मग त्यांना कळलं की कोणीच हसत नाहीये. संपत नाही, शिनोलीच्या बायका नाहीत. काकांनी धोतर खोचलं आणि वाकून माझ्या दरवाजातून आत शिरले.

मी त्यांना आत घेतलं. माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आत अंधार होता आणि उकडत होतं. ते घासू लागले. त्यांचा हात एका पोच्यावर आला आणि थांबला. बाहेरून मारलेला हातोडा आतून कसा लागतो, ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. पण मी त्यांना माफ केलेलं नाही, हे तुम्हाला सांगतो. एखादा माणूस घामाघूम झाला म्हणून त्यानं केलेलं खोटं पुसलं जात नाही.

मित्रांनो, मला तुमची दया नको. मोठ्यांना सांगायचं ते मी सांगून दमलो, आता तुम्हाला सांगतो. तुमच्या हातात गुलाबी दूध आलं, लाल गोळी आली, पिवळ्या कुरकुरीत खाऊची पुडी आली, की विचारा. हा रंग कशाचा? कोणी घातला? मोठी माणसं वैतागतील, तरी विचारा. आणि कोणतंही यंत्र बिघडलं असं कोणी म्हणालं, तर आधी बघा, त्याला शेवटचं कोणी धुतलं होतं आणि हातोडा कोणी मारला होता. आम्ही यंत्रं तुमच्यासाठी जपायला बनवलेली आहोत. आमच्यात काय घालायचं, ते मात्र तुमच्या हातात असतं.

बऱ्याच वेळानं सयाजीकाका बाहेर आले. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, धापा टाकत.

"घे, चकाचक झालं," ते म्हणाले.

समृद्धीनं टॉर्च लावली, आत डोकावली आणि घासणी परत त्यांच्या हातात दिली.

"वरचा कोपरा राहिलाय, काका. परत उतरा."